नेम हाताचा की पिस्तुलाचा?

आपल्या घरात एखादी वस्तू घ्यायची म्हटली की आपण चार ठिकाणी भाव करतो. गॅसची शेगडी असो, मुलाची सायकल असो, की लग्नातली भांडी असोत, पैसा कष्टाचा असल्याने तो जपून जातो. पण मुलांच्या शिक्षणाचा किंवा खेळाचा प्रश्न आला की हाच माणूस हळवा होतो. 'लेकरू मागे पडायला नको' एवढ्या एका वाक्यावर तो कर्जाच्या कागदावर सही करतो. ही माया खोटी नाही. मात्र ह्या मायेचा हिशेब दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगला कळतो, म्हणून आज एका न ऐकलेल्या विषयावर लिहितो आहे. विषय आहे नेमबाजीच्या स्पर्धेतले पिस्तूल आणि त्याची अचूकता वाढवण्यासाठी होणारा खर्च.

'हा आपला विषय नव्हे, हा श्रीमंतांचा खेळ' असे काही जण म्हणतील. एके काळी ते खरे होते. आता चित्र बदलत आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्य जिंकले. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदके घेतली. त्यानंतर वस्त्या-वस्त्यांतली मुले-मुली चांदमारीच्या क्लबांत नाव घालू लागली. माझी पुतणी त्यांतलीच एक. शाळेत एन.सी.सी.मध्ये तिला नेमबाजीची गोडी लागली आणि मग ती क्लबात जाऊ लागली.

आमचे दादा एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. वहिनी घरी शिवणकाम करते. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन मुलीला ७० हजारांचे एक जुने, पण स्पर्धेचे एअर पिस्तूल घेऊन दिले होते. तिची ६०० पैकी सरासरी ५३४ च्या आसपास येत होती. अशात क्लबात येणाऱ्या एका विक्रेत्याने तिला अंदाजपत्रक करून दिले. जुने पिस्तूल देऊन इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे नवे घ्यायचे, त्याचे वरचे १,१०,०००. हाताच्या मापाची अक्रोडाची मूठ २०,०००. निवडक परदेशी छऱ्यांचे डबे १५,०००. एकूण १,४५,००० रुपये. 'वीस गुण सहज वाढतील,' असे तो म्हणाला. दादांनी पतपेढीतून दीड लाखाचे कर्ज काढायचे ठरवले आणि जामीनदार म्हणून मला बोलावले.

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालेलो, आकड्यांत आयुष्य गेलेले. सही करायला माझी ना नव्हती. मात्र वीस गुण येणार कुठून, हे आधी वहीत मांडू, असे मी म्हणालो. त्यावर वहिनीने जे विचारले ते मला आजही टोचते. ती म्हणाली, "भाऊजी, मुलगा असता तरी असाच हिशेब मांडला असता का?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे मुलीच्या खर्चालाच हिशेब लागतो आणि मुलाच्या खर्चाला कौतुक मिळते. म्हणून मी वहिनीला सांगितले, "हिशेब मांडतो तो पैसा वाचवायला नाही. जो पैसा निघेल तो सगळा तिच्याच खेळावर जाईल. फक्त तो कुठे टाकला तर तिचे गुण वाढतील, एवढेच बघायचे." त्या अटीवर आम्ही तिघे आणि पुतणी असे बसलो.

टार्गेटचा कागद काय सांगतो

आधी खेळ समजून घेऊ. एअर पिस्तुलाची स्पर्धा १० मीटरवरून होते. टार्गेटचा कागद १७ सेंटिमीटर लांब-रुंद. मधले १० गुणांचे वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. त्याच्या आत ५ मि.मी.चे आणखी एक वर्तुळ असते; त्याला 'आतला दहा' म्हणतात आणि दोघांचे गुण सारखे झाले की तो मोजतात. छर्रा ४.५ मि.मी.चा. तो वर्तुळाच्या रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणून छऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मि.मी.च्या आत असला की १० मिळतात. पुढचे प्रत्येक घर आणखी ८ मि.मी.चे. ६० छर्रे, वेळ सव्वा तास, कमाल गुण ६००. महिलांना पूर्वी ४० छर्रे असत. २०१८ पासून त्यांनाही ६० झाले.

पिस्तूल एकाच हाताने धरायचे. त्याचे वजन दीड किलोच्या वर नको. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमच्या जोराने सुटला पाहिजे. स्पर्धेआधी तेवढे वजन टांगून तपासतात. रायफलवाल्यांना लागते तसले जाड जाकीट पिस्तुलाला चालत नाही. म्हणजे पिस्तूल हा तुलनेने कमी खर्चाचा प्रकार आहे. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. ०.१७७ बोअरच्या, कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, पण खरेदीची पावती आणि ओळखीचे कागद जपून ठेवावेत. २५ मीटरचे ०.२२ चे पिस्तूल मात्र बंदूकच आहे, त्याला परवाना लागतो.

आता मुख्य मुद्दा. छर्रा केंद्रापासून दूर जातो त्याला दोन कारणे असतात, एक पिस्तूल आणि दुसरे माणूस. कोणाचा वाटा किती, ते कळले की पैसा कुठे टाकायचा ते आपोआप कळते.

व्हाइसमध्ये धरलेले पिस्तूल

दादा फिटर असल्याने त्यांनी सरळ मार्ग काढला. क्लबच्या प्रशिक्षकांची परवानगी घेऊन त्यांनी बाकावर एक व्हाइस बसवला, त्याच्या जबड्यांना रबर लावले आणि पुतणीचे जुने पिस्तूल त्यात घट्ट धरले. हाताचा हलका-जड, श्वास, भीती, काहीच नाही. पुतणीने प्रशिक्षकांसमोर पाच-पाच छर्रे मारले आणि दादांनी व्हर्निअरने मोजले.

पाचही छऱ्यांचे मिळून कागदावर एकच कडा-फाटके भोक पडले आणि ते सबंध भोक दहाच्या वर्तुळात आरामात बसले. हे त्या जुन्या, 'बदलायलाच हवे' असे सांगितलेल्या पिस्तुलाचे काम! नवे स्पर्धेचे पिस्तूल घेतले तर त्याच्या पेटीत कारखान्याचे चाचणी-कार्ड येते. त्यावरही असेच एक भोक असते, जरा लहान.

मग पुतणीने तेच पिस्तूल हातात धरून दहा छर्रे मारले. एक सातात, दोन आठात, बाकीचे नऊ-दहात. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर बोलायला फारसे उरले नाही. पोरगी मात्र हिरमुसली. तिला वाटले, काका सिद्ध करतायत की दोष तिचाच आहे.

मी तिला म्हटले, "बाळा, दोष पिस्तुलात असता तर तो काढायला दीड लाख लागले असते. तो हातात आहे ही आनंदाची बातमी आहे. हात तुझा आहे, तो कोणी विकत देत नाही आणि कोणी काढूनही घेत नाही."

चुका सरळ बेरजेत मिळत नाहीत

बी.कॉम.ला आम्हांला संख्याशास्त्राचा पेपर होता. तेव्हा वाटे, याचा संसारात काय उपयोग? तो इथे झाला. दोन वेगवेगळ्या कारणांनी होणारा फरक साध्या बेरजेने वाढत नाही. दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. हाताचा फरक १० मि.मी. आणि पिस्तुलाचा २ मि.मी. असला तर एकूण फरक १२ होत नाही. १०० अधिक ४ म्हणजे १०४, त्याचे वर्गमूळ १०.२. आता दीड लाख खर्चून पिस्तुलाचा फरक अगदी शून्यावर आणला, तरी एकूण फरक १०.२ वरून १० वर येतो. म्हणजे मिळाले ०.२ मि.मी.

हे गुणांत किती होते, ते मी मुलाच्या संगणकावर मांडून पाहिले. १०.२ मि.मी.च्या फरकाला ६०० पैकी सुमारे ५३४ गुण येतात, नेमके पुतणीचे. पिस्तूल निर्दोष केले तर सुमारे ५३६. दीड लाखात दोन गुण! आता पिस्तूल तेच ठेवून हाताचा फरक १० वरून ८ वर आणला तर? सुमारे ५५२. म्हणजे अठरा गुण. विक्रेत्याने कबूल केलेले वीस गुण खरोखरच होते, पण ते त्याच्या दुकानात नव्हते.

दादांनी विचारले, "मग हाताचा फरक येतो कुठून? ही तर दगडासारखी उभी राहते." त्याचे उत्तरही मापात आहे. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण ३५ सेंटिमीटरचे अंतर असते. हात सबंध ३ मि.मी. हलला, पण माशी खाचेच्या बरोबर मध्ये राहिली, तर छर्रा ३ मि.मी.च सरकतो, दहाचे दहाच राहतात. मात्र ट्रिगर दाबताना मनगट वळले आणि माशी खाचेत १ मि.मी. बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे २८ मि.मी. सरकतो. म्हणजे साडेतीन घरे गेली. मुले टार्गेटकडे बघत बसतात आणि हात हलतो म्हणून घाबरतात. हात प्रत्येकाचा हलतो. नजर माशीवर ठेवून, ती खाचेतून न हलवता बोट मागे आणणे, एवढीच या खेळाची विद्या आहे. आणि ती विद्या रिकाम्या पिस्तुलाने, कोऱ्या भिंतीसमोर, घरात बसून शिकता येते. त्याला एक पैसाही लागत नाही.

मग सुधारणा खोट्या आहेत का?

नाहीत. हे न सांगणे अप्रामाणिकपणा होईल. वरच्या पातळीवर याच मि.मी.च्या अपूर्णांकावर आयुष्य ठरते. २०२४ च्या पॅरिसमध्ये सरबजोत सिंगचे पात्रता फेरीत ५७७ गुण झाले. जर्मनीच्या रॉबिन वॉल्टरचेही ५७७ झाले. सरबजोतचे 'आतले दहा' १६ आणि वॉल्टरचे १७, म्हणून सरबजोत नववा आला आणि आठ जणांची अंतिम फेरी हुकली. मनू भाकरला त्याच स्पर्धेत रौप्याच्या शर्यतीतून बाहेर पडावे लागले ते ०.१ गुणाने, तिचे २२१.७ आणि त्या क्षणी कोरियाच्या किम येजीचे २२१.८. अंतिम फेरीत दशांश गुण मोजतात आणि ०.१ म्हणजे ०.८ मि.मी.

माझ्या त्याच हिशेबात हाताचा फरक १० ऐवजी ५ घेतला, तर पिस्तुलाच्या २ मि.मी.सह सुमारे ५७९ येतात आणि पिस्तूल निर्दोष असेल तर ५८३. म्हणजे पिस्तूल तेच, सुधारणा तीच, खर्चही तोच. पण नवशिक्याला दोन गुण देणारी वस्तू निष्णाताला चार देते. आणि त्या चार गुणांत अंतिम फेरी असते. सुधारणेची किंमत दुकानात ठरते, तिचा मोल मात्र घेणाऱ्याच्या हातावर ठरतो.

पॅरिसचेच दुसरे उदाहरण आपल्या मुलांनी चुकीचे घेतले. तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसुफ डिकेच साधा टी-शर्ट घालून, एक हात खिशात ठेवून, रोजच्या चष्म्याने रौप्यपदक जिंकून गेले. त्यांचा फोटो जगभर फिरला आणि 'साहित्य लागतच नाही' असा बोध निघाला. त्यांनी डोळ्यांवरची झापडे आणि कानांवरचे मोठे डबे टाळले होते, हे खरे. पण हातातले पिस्तूल स्पर्धेचेच होते आणि त्यामागे अनेक वर्षांची तपश्चर्या होती. ज्या पिस्तुलाचे छर्रे व्हाइसमध्येही विखुरतात, त्याने डिकेचही जिंकणार नाहीत. म्हणजे एका मर्यादेपर्यंत साहित्य हवेच. ती मर्यादा ओलांडली की पुढचा प्रत्येक रुपया कमी कमी फळ देतो.

आणि अचूकतेपेक्षाही आधी भरवसा पाहावा. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. तिथे ऐन स्पर्धेत मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली, ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी हुकली. ते पिस्तूल अचूक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण भागलेला भाग, संपलेली बॅटरी, गळणारे वायसर हे अचूकता बघत नाहीत. म्हणून जुने पिस्तूल घेणाऱ्या पालकांनी नळीपेक्षा आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचावी. सिलिंडरचे आयुष्य जास्तीत जास्त १० वर्षे धरतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि तो धोक्याचाही असतो. स्वस्त मिळाले म्हणून पिस्तूल घ्यावे आणि नंतर सिलिंडरलाच पैसे मोजावे, असे व्हायला नको.

अंदाजपत्रकाची चिरफाड

आता त्या १,४५,००० चे एकेक कलम घेऊ.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर. तो स्वच्छ सुटतो, रोज सारखा सुटतो, हे खरे. पण ५०० ग्रॅमचा नियम त्यालाही आहेच. तो हलका होत नाही. साध्या ट्रिगरचे स्क्रू नीट लावले, तर शिकणाऱ्या मुलाला त्यातला फरक गुणांत दिसणे कठीण. हे कलम पुढे ढकलले.

मूठ. हे कलम खरे आहे. पिस्तूल हातात दर वेळी त्याच जागी बसले नाही, तर माशी खाचेत आपोआप मध्ये येत नाही आणि मनगट ताणून ती आणावी लागते. पुतणीचा हात लहान, मूठ मोठी. पण त्यासाठी २०,००० कशाला? प्रशिक्षकांनी दाखवले त्याप्रमाणे दादांनी लाकडाची पुट्टी आणि पॉलिश-पेपर आणला. तिचे बोट जिथे पोकळ पडत होते तिथे पुट्टी भरली, जिथे रुतत होते तिथे घासले. चार रविवार गेले आणि खर्च ५०० च्या आत आला. तळहाताखालची फळी मात्र हाताच्या पाठीवर चढता कामा नये आणि मनगटाला आधार देता कामा नये, हा नियम सांभाळला. वर्कशॉपमध्ये इतरांचे काम घासणारा बाप लेकीच्या हाताचे माप घेत बसला होता. तसे दादांना मी आधी कधी पाहिले नव्हते.

छर्रे. हेही कलम खरे, पण उलट्या बाजूने. छऱ्याच्या डोक्याचे माप ४.४९, ४.५०, ४.५१ मि.मी. असे येते. प्रत्येक नळीला त्यांतले एखादे मानवते, महाग असेल तेच मानवते असे नाही. आम्ही चार वेगवेगळे डबे आणून व्हाइसवर तपासले. एका डब्याचा गठ्ठा दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा आला, आणि तो चारांतला सर्वांत महाग डबा नव्हता. अचूकतेवरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा खर्च कुठला, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन.

आता कर्ज. दीड लाख, दरसाल १२ टक्के, ३६ महिने. हप्ता ४,९८२ रुपये. एकूण फेड १,७९,३५२. म्हणजे नुसते व्याज २९,३५२. दुसऱ्या पानावर मी सरावाचा खर्च मांडला. रोज ८० छर्रे, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे १,७६० छर्रे. ५०० चा डबा, तेव्हा साडेतीन डबे लागतात. सरावाच्या छऱ्यांचा डबा ७०० ला, म्हणजे २,४५०. क्लबची फी १,५००. बसचा पास ६००. एकूण ४,५५०.

दोन्ही पाने दादांपुढे ठेवली. कर्जाचा हप्ता आणि सबंध महिन्याचा सराव, दोन्ही जवळपास सारखेच. घरात दोन्ही बसत नव्हते. हप्ता सुरू झाला असता तर दोन महिन्यांत छर्रे कमी झाले असते, चार महिन्यांत बसचा पास, आणि वर्षभरात कपाटात दोन लाखांचे पिस्तूल आणि घरी बसलेली पोर. वहिनी बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पिस्तूल चालवायचे बंद करून पिस्तुलाचे पैसे फेडायचे."

माझ्या पानभर आकड्यांचे सार तिने एका वाक्यात सांगितले.

कर्ज काढले नाही. तेच पैसे दर महिन्याला सरावाकडे वळवले. पुतणी रोज रात्री जेवणाआधी अर्धा तास भिंतीसमोर रिकामे पिस्तूल धरते. पिस्तुलात छर्रा नाही हे आधी दोघांनी तपासायचे आणि तिच्या समोरून कोणी जायचे नाही, हे नियम धाकट्या भावालाही पाठ आहेत. दहा महिन्यांनी तिची सरासरी ५४८ वर आली. चमत्कार नव्हे, पण हे चौदा गुण तिचे स्वतःचे आहेत.

तरी सगळे सुरळीत आहे असे नाही. क्लबात शेजारच्या लेनवर चकचकीत नवे पिस्तूल आले की तिचे तोंड उतरते. "काका, तिच्याकडे असते तर मीही..." असे ती म्हणते. तिच्या वयात ते वाटणारच. आणि उद्या तिचा हात खरोखर पुढे गेला, तर जुने पिस्तूल तिला अडवणार हेही हिशेबच सांगतो. म्हणून तिला शब्द दिला आहे. सरासरी सलग सहा महिने ५६५ च्या वर राहिली, तर जामीनदाराच्या जागी पहिली सही माझी. ही रेघ मी मनाने ओढलेली नाही. तिथून पुढे पिस्तुलाचा वाटा हाताच्या वाट्याच्या तुलनेत जाणवू लागतो, म्हणून ओढली आहे.

सगळ्यांनी मिळून करण्यासारखे

एका घराला जे जड जाते ते चार घरांना हलके जाते, हे आपल्या लोकांना सांगायला नको. पिस्तुलाची मूठ दोन-तीन स्क्रूंनी सुटते आणि तिची लहान, मध्यम, मोठी अशी मापे येतात. एका वस्तीत चार मुले नेमबाजी करत असतील तर त्यांच्यात एक चांगले पिस्तूल आणि प्रत्येकाची स्वतःची मूठ, असे करता येते. सरावाच्या वेळा वाटून घ्याव्यात. छर्रेही डब्याने न घेता एकत्र पेटीने घेतले तर दर उतरतो. एखाद्या मंडळाने दरवर्षी देखाव्यावर जेवढा खर्च होतो त्याचा एक भाग इथे वळवला तर चार मुलांचे वर्ष निघेल. राज्य आणि केंद्राच्या खेळाच्या योजना निवड झालेल्या मुलांना मदत करतात. पण निवड होईपर्यंतची वर्षे घरच्यांनाच काढावी लागतात, आणि गरीब घरची बहुतेक मुले त्याच वर्षांत गळतात. गळती थांबवायची तर छर्रे, फी आणि बसचा पास तुटू देऊ नये. पिस्तूल नंतर.

पालकांना शेवटी एवढेच सांगणे आहे. कोणी मुलाच्या यशासाठी महाग वस्तू सुचवली तर लगेच 'हो' म्हणू नये आणि 'आपल्याला नाही परवडत' म्हणून मान खालीही घालू नये. तिसरा मार्ग आहे, मोजून पाहण्याचा. पिस्तूल व्हाइसमध्ये लावा, कागद शेजारी ठेवा, हप्ता आणि सराव एकाच पानावर लिहा. क्लासची फी असो, संगणक असो की क्रिकेटची बॅट असो, कमतरता वस्तूत आहे की सरावात, हे आधी विचारा. आणि हा हिशेब मुलीसमोर मांडा, तिला त्यात बसवा. आपल्यावर खर्च होणारा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे ज्या मुलीला कळते, तिला पुढे कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.